ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो: किटमधून बांधलेल्या कोब्राच्या अर्थिंगचा शोध

दोन-तीन वर्षं शेडमध्ये राबून गाडी उभी राहते. इंजिन गरजतं, शेजारीपाजारी बघायला येतात. संध्याकाळ झाली म्हणून दिवे लावतो, ब्रेकवर पाय ठेवतो, आणि मागून कुणीतरी ओरडतं, "अरे, ब्रेकबरोबर इंडिकेटर पण लागतोय." हा प्रसंग मी इतक्यांदा पाहिलाय की हल्ली फोनवर पहिलं वाक्य ऐकूनच पुढचं काय ते कळतं.

मी इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये राहतो. एसी कोब्रा या जुन्या स्पोर्ट्‌स कारची स्वतःची प्रतिकृती किटमधून, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून, बांधली, आणि त्यानंतर मित्रांच्या आणि मित्रांच्या मित्रांच्या मिळून अकरा गाड्यांमध्ये हीच तक्रार सोडवली. प्रत्येक वेळी मूळ एकाच बाजूला सापडलं: मायनसच्या बाजूला, म्हणजे अर्थिंगमध्ये. जागा मात्र दर वेळी निराळी. म्हणून तपासणीचा एक क्रम ठरवून घेतलाय. आधी फुकटचं आणि सोपं, मग खर्चाचं आणि किचकट. तोच इथे देतो. कोब्राखेरीज फायबरग्लासचं अंग असलेल्या कुठल्याही किट कारला तो लागू पडतो.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पुढे वाचा.

- ब्रेक दाबला की एका बाजूचा इंडिकेटर मंद उजळतो, कधी डॅशबोर्डचे दिवेही मिणमिणतात.
- इंडिकेटर चालू केला की टेल लॅम्प त्याच तालावर लुकलुकतो.
- हेडलाइट लावले की पाण्याच्या तापमानाचा किंवा पेट्रोलचा काटा सरकतो. बंद केले की परत जागेवर.
- पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे कायमच चढे दाखवतात.
- रेडिएटरचा पंखा सुरू झाला की हॉर्नचा आवाज बसतो, वायपर रेंगाळतो.
- बॅटरी नवी असूनही सेल्फ मारल्यावर नुसता 'टक' आवाज येतो. थंड इंजिन फिरतं, गरम झालेलं फिरत नाही.
- सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल गरम लागते.

शेवटचं लक्षण असेल तर आत्ताच बॅटरीचा मायनस काढून ठेवा आणि शेवटचा भाग आधी वाचा. ते धोक्याचं आहे.

उलट, एकच दिवा पूर्ण बंद आहे आणि बाकी सगळं सुरळीत आहे, असं असेल तर बहुधा बल्ब किंवा फ्यूज गेलाय. अर्थिंगच्या दोषाची खूण वेगळी असते. एकमेकांशी संबंध नसलेली दोन उपकरणं एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करू लागतात.

हे याच गाड्यांना का होतं

१९६२ मध्ये कॅरोल शेल्बीने एसी कंपनीच्या छोट्या स्पोर्ट्‌स कारमध्ये फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवून कोब्रा रस्त्यावर आणली, तेव्हा तिचं अंग ॲल्युमिनिअमच्या पत्र्याचं होतं, खाली लोखंडी नळ्यांचा सांगाडा. पत्राही धातू आणि सांगाडाही धातू. दिव्यापर्यंत प्लसची एक तार नेली की काम झालं, वीज परत यायला अख्खी गाडी मोकळी होती. आपण किटमधून बांधतो ती कोब्रा दिसायला तीच, पण तिचं अंग फायबरग्लासचं. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही.

कोल्हापूरला उद्यमनगरात काकांच्या गॅरेजमध्ये मी वायरिंग शिकलो. समोर असायच्या पद्मिनी आणि ॲम्बॅसिडर. तिथे मायनस हवा असला की जवळचा कुठलाही स्क्रू ढिला करायचा, तार गुंडाळायची, आवळायचा. "बॉडीला मायनस मार" एवढंच काका म्हणायचे. ही सवय हाताला इतकी भिनलेली असते की फायबरच्या गाडीवरही हात तसाच चालतो. माझ्या स्वतःच्या गाडीत नंबर प्लेटच्या दिव्याचा मायनस मी थेट फायबरमधल्या स्क्रूला जोडला होता आणि तासभर बल्ब बदलत बसलो होतो.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. बऱ्याच किटमध्ये इंजिन, सस्पेन्शन आणि वायरिंग एखाद्या जुन्या गाडीतून काढून घेतात. कुणी फोर्ड सिएरा तोडतो, कुणी जॅग्वार एक्सजे-६. त्या गाड्यांचं वायरिंग लोखंडी बॉडी गृहीत धरून बांधलेलं असतं. परतीची अर्धी वाट तारेत नसून पत्र्यातच असते. वायरिंग काढून घेतलं आणि पत्रा भंगारात गेला की ती अर्धी वाटही भंगारात जाते.

उरलेला सांगाडा लोखंडी असतो, पण त्यावर पावडर कोटिंग चढवलेलं असतं, आणि तेही विजेला अडवतं. इंजिन रबरावर बसलेलं, गिअरबॉक्स रबरावर, पेट्रोलची टाकी रबराच्या पट्ट्यांवर. म्हणजे या गाडीत मायनस आपोआप कुठेच मिळत नाही. प्रत्येक ठिकाणी तो नेऊन पोचवावा लागतो.

आता भलताच दिवा का लागतो ते सांगतो. मागच्या दिव्याच्या एकाच बल्बमध्ये उजळणाऱ्या दोन तारा (फिलामेंट) असतात, ब्रेकसाठी २१ वॅटची आणि टेलसाठी ५ वॅटची, आणि दोघींचा मायनस एकच. तो तुटला की ब्रेकची वीज दिव्यापर्यंत येते पण पुढे वाट नसते. मग ती ५ वॅटच्या तारेतून उलटी शिरते, टेल लॅम्पच्या वायरिंगमधून मागे फिरते आणि नंबर प्लेटच्या किंवा डॅशबोर्डच्या दिव्यातून मायनस गाठते. वाटेतले सगळे दिवे मंद उजळतात. इंडिकेटरही त्याच दिव्यात असेल आणि त्याचा मायनस सामाईक असेल, तर वीज त्याच्या बल्बमधून पुढच्या इंडिकेटरपर्यंत जाते. दिवे भुताटकीसारखे वागत नाहीत. वीज फक्त घरी जायचा दुसरा रस्ता शोधत असते.

१. बॅटरी आणि तिची टर्मिनल

खर्च काही नाही, वेळ दहा मिनिटं. गाडी काही तास उभी ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. पूर्ण चार्ज असेल तर १२.६ व्होल्ट किंवा थोडं वर दिसेल. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. अर्धमेल्या बॅटरीवर पुढचं काहीही मोजलं तरी आकडे फसवतात.

मग दोन्ही टर्मिनल हाताने पिळून बघा. हाताने हलत असेल तर ते ढिलंच आहे. कार्बन आला असेल तर सोडवून, गरम पाण्याने धुऊन, पॉलिश पेपरने चकचकीत करा. सोडवताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. हा क्रम मोडू नका. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना चुकून सांगाड्याला टेकला तर तो तिथेच लाल होतो.

या गाड्यांत वजन मागे जावं म्हणून बॅटरी बहुधा डिकीत ठेवतात, आणि शिवाय एक कट-ऑफ स्विच असतो. तो मायनसच्या बाजूला बसवला असेल तर त्याच्या मागचे नटही याच वेळी आवळून घ्या. दोनदा दोष तिथेच सापडलाय.

२. जंप लीडची युक्ती

सगळ्या तपासण्यांमध्ये मला ही सर्वात आवडते, कारण दोन मिनिटांत अर्धं कोडं सुटतं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. जंप लीडच्या जोडीतली फक्त काळी लीड घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. रंगवलेला किंवा कोटिंग केलेला ब्रॅकेट नको, हेडवरचा किंवा आल्टरनेटरच्या पायाचा मोठा बोल्ट चांगला. बॅटरी डिकीत असेल आणि लीड पोचत नसेल तर दोन लीड जोडा. इंजिनकडचं टोक शेवटी लावा, म्हणजे ठिणगी उडालीच तर ती बॅटरीपासून लांब उडेल. पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग करूच नका.

आता सेल्फ मारा. मघाशी 'टक' करणारं इंजिन झपाट्याने फिरलं, तर सेल्फ चांगला आहे, बॅटरी चांगली आहे, बॅटरीपासून इंजिनपर्यंतचा मायनस खराब आहे. काही फरक पडला नाही तर दोष प्लसच्या बाजूला किंवा सेल्फमध्ये आहे. एका मित्राने याच तक्रारीवर दोन सेल्फ मोटर बदलल्या होत्या. जंप लीड लावल्यावर जुनीच मोटर पहिल्या झटक्यात फिरली.

मागच्या दिव्यांसाठी हेच बारीक तारेने करा. चार-पाच मीटर तार, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं दिव्याच्या होल्डरच्या मायनसला. ब्रेक दाबल्यावर फक्त ब्रेकचाच दिवा लख्ख लागला, तर दोष त्या दिव्याच्या परतीच्या तारेत आहे.

मात्र मायनसची तार कुठली हे रंगावरून ठरवताना जपून. ब्रिटिश रंगपद्धतीत काळी तार मायनसची, आणि तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, फ्यूजशिवाय आलेली प्लसची. सिएरातल्या वायरिंगमध्ये जर्मन पद्धत आहे आणि तिथे तपकिरी तार मायनसची. किटबरोबर आलेलं वायरिंग ब्रिटिश रंगांचं आणि स्टिअरिंगखालचे स्विच सिएराचे, असा मेळ असलेल्या गाडीत एकच रंग दोन विरुद्ध अर्थांनी भेटतो. आधी टेस्ट लॅम्पने खात्री करा, मगच क्लिप लावा.

३. बल्ब आणि होल्डर

बल्ब काढून बघा. दोन तारांच्या होल्डरमध्ये एका तारेचा बल्ब कुणी कोंबून बसवला असेल तर त्याचा तळ दोन्ही टोकांना एकदम टेकतो, आणि लक्षणं अगदी तुटलेल्या मायनससारखीच दिसतात. चुकीचा बल्ब एका मिनिटात कळतो, म्हणून वायरिंग उसकण्याआधी हे बघायचं. होल्डरच्या आतली पत्री गंजलेली असेल तर घासून घ्या. मायनस होल्डरच्या कडेवरून घेतला असेल आणि होल्डर फायबरवर बसलेला असेल, तर त्या कडेला स्वतंत्र काळी तार जोडलेली दिसलीच पाहिजे. नसेल तर दोष सापडला.

४. थिंबल आणि पावडर कोटिंग

सर्वात जास्त गाड्या याच पायरीवर बऱ्या झाल्या. सांगाडा कोटिंग होऊन येतो तेव्हा इतका देखणा दिसतो की त्यावर ओरखडा काढायला हात धजत नाही. मग लोक थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला दाबलेली धातूची कडी, कोटिंगवरच ठेवून बोल्ट आवळतात. वीज तेव्हा फक्त बोल्टच्या आट्यांमधून जाते, आणि आट्यांमध्येही कोटिंग उतरलेलं असतं. दोन-चार महिने चालतं. मग ओल शिरते, इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ शिरतं, आणि जोड संपतो.

उपाय असा. बॅटरीचा मायनस काढा. बोल्ट सोडवा. थिंबलच्या आकाराएवढी जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, आट्यांतून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. थिंबलची बाजूही घासा. मग दातेरी वायसर घालून आवळा. जोड घट्ट झाल्यावर वरून पेट्रोलिअम जेली किंवा ग्रीस लावा, म्हणजे पाणी शिरणार नाही. घासलेली जागा उघडी सोडली तर वर्षभरात गंज चढून पुन्हा इथेच याल.

एका बोल्टवर पाच-सहा थिंबल रचलेले दिसले तर ते वेगळे करा. मधला एक ढिला झाला की त्याच्या वरचे सगळे आजारी पडतात, आणि लक्षणं इतकी विचित्र येतात की माणूस हात टेकतो.

थिंबलमध्ये तार दाबलेली आहे की नुसती अडकवलेली, हेही ओढून बघा. मी थिंबल डाख लावून जोडत नाही. डाखाच्या कडेला तार ताठ होते आणि थरथरीने तिथेच तुटते. चांगल्या क्रिम्पिंग पकडीने दाबून, वर गोंदवाली हीट-श्रिंक नळी चढवतो.

५. मल्टिमीटर, पण ओहमवर नाही

इथवर दोष सापडला नसेल तर आता मोजायचं. बहुतेक जण मीटर ओहमवर ठेवतात, ०.३ बघतात आणि "तार ठीक आहे" म्हणून पुढे जातात. हा आकडा निरुपयोगी आहे. ओहम मोजताना मीटर तारेतून अगदी नगण्य वीज सोडतं. वीस केसांच्या तारेतले एकोणीस केस तुटलेले असले तरी उरलेला एक केस तेवढी वीज आरामात वाहून नेतो. एकट्या वारकऱ्याला पायवाट पुरते, दिंडी तिथून जाऊ शकत नाही. सेल्फ मोटरची दिंडी १५० अँपिअरची असते. जोडात ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी तिथे दीड व्होल्ट जिरतो, आणि ०.०१ ओहम साध्या मीटरवर दिसतच नाही.

म्हणून काम चालू असताना व्होल्टेज किती जिरतं ते मोजायचं. मीटर डीसी व्होल्टवर. काळा प्रोब बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे. लाल प्रोब इंजिन ब्लॉकवर. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची प्लसची तार काढून ठेवा, आणि कुणाला तरी चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा.

०.३ व्होल्टच्या आत आकडा आला तर मायनस चांगला. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष नक्की. एकदा मी ३.८ पाहिलाय. त्या गाडीत सेल्फपर्यंत जेमतेम सात व्होल्ट पोचत होते.

मग लाल प्रोब पायरी पायरीने पुढे सरकवायचा: खुंटापासून क्लॅम्प, तिथून सांगाड्यावरचा थिंबल, सांगाडा, इंजिनकडे जाणाऱ्या मायनसच्या पट्टीचं एक टोक, दुसरं टोक, ब्लॉक. दर पायरीला सेल्फ मारा आणि आकडा लिहून ठेवा. ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा उडी मारतो, त्यांच्यामधला जोड खराब. अंदाज बांधायची गरजच उरत नाही. मध्ये मध्ये सेल्फला गार होऊ द्या.

दिव्यांसाठी रीत तीच. दिवा लावलेला असताना बॅटरीचा मायनस आणि दिव्याचा मायनस यांच्यात ०.१ व्होल्टपेक्षा जास्त नको. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण दिव्याला मिळणारं व्होल्टेज दहा टक्के घटलं की प्रकाश साधारण तीस टक्के घटतो. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमचा ब्रेकचा दिवा दिसणं न दिसणं त्यावर ठरतं.

गरम झाल्यावरच सेल्फ फिरत नसेल तर हे माप लांब फेरी मारून आल्यावर, इंजिन तापलेलं असताना घ्या. तांब्याचं तापमान शंभर अंशांनी वाढलं की त्याचा विरोध जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतो, आणि या गाड्यांत एक्झॉस्टचे पाइप सेल्फच्या केबलला खेटून जातात. थंड असताना काठावर पास झालेला जोड तेव्हा नापास होतो. प्लसची केबलही याच रीतीने मोजा: बॅटरीचा प्लस ते सेल्फवरचा खुंट. डिकीतून येणाऱ्या लांब केबलला ३५ ते ४० चौरस मिलिमीटरची जाडी लागते. तिथे बारीक केबल टाकून वाचवलेले पैसे नंतर सेल्फवर खर्च होतात.

६. काटे

जुन्या धर्तीच्या मीटरमध्ये पेट्रोल आणि तापमानाच्या काट्यांना सरासरी १० व्होल्ट देणारी एक छोटी डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. तिच्या आतली पट्टी तापते, वाकते, जोड तोडते, गार होते, पुन्हा जोडते. ती तापायला डबीच्या पत्र्याला मायनस लागतो. मूळ गाडीत डबी लोखंडी डॅशबोर्डवर स्क्रूने बसायची आणि मायनस आपसूक मिळायचा. आपल्या गाडीत डॅशबोर्ड लाकडाचा किंवा फायबरवर रेक्झिन चढवलेला. मायनस नाही म्हणून पट्टी तापत नाही, जोड सुटत नाही, आणि काट्यांना पूर्ण १२ व्होल्ट जातात. दोन्ही काटे चढे. लोक रेडिएटर बदलायला निघतात आणि औषध असतं डबीच्या स्क्रूखाली एक काळी तार.

तापमानाचा सेन्सर इंजिनच्या धातूतूनच मायनस घेतो. त्याच्या आट्यांवर गळती थांबवायला टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळली असेल तर टेप मायनस तोडते. आणि हेडलाइट लावल्यावर हा काटा हलत असेल तर इंजिनची पट्टी पुन्हा एकदा तपासा.

पेट्रोलच्या टाकीवरच्या सेन्सरला स्वतंत्र काळी तार हवी. ती जोडताना बॅटरी पूर्ण सोडवा, तार जोडून घ्या, डिकी अर्धा तास उघडी ठेवा, वास गेल्यावरच बॅटरी जोडा. टाकीजवळ क्रोकोडाइल क्लिप लावून 'करून बघू' हा प्रकार नको.

७. मायनस नव्याने बांधणं

सगळं तपासून दोष दर महिन्याला जागा बदलत असेल, तर जोड बदलत बसू नका. परतीची अख्खी वाट नव्याने बांधा. दोन शनिवार-रविवार जातात. मी गाडीत तीन ठिकाणी पितळेचे ८ मिलिमीटरचे खुंट बसवतो: पुढे दिव्यांजवळ, डॅशबोर्डमागे आणि डिकीत. प्रत्येक दिव्याची, प्रत्येक मीटरची काळी तार स्वतंत्रपणे जवळच्या खुंटावर येते, एका दिव्यातून दुसऱ्यात उड्या मारत नाही. दिव्यांना १ चौरस मिलिमीटर पुरते, पंखा आणि हेडलाइटला २. प्रत्येक खुंटापासून जाड केबल बॅटरीच्या मायनसपर्यंत. इंजिनला एकाऐवजी दोन विणलेल्या पट्ट्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. एक तुटली तरी वीज ॲक्सिलरेटरच्या केबलकडे वळत नाही.

फायबरला भोक पाडताना नाकातोंडावर मास्क हवाच. ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.

कुठे थांबायचं

सेल्फ मारताना ॲक्सिलरेटर, चोक किंवा क्लचची केबल गरम होत असेल, तर इंजिनचा मायनस तुटलाय आणि शंभरावर अँपिअर त्या बारीक केबलमधून वाहताहेत. केबलचं आवरण वितळतं, ॲक्सिलरेटर उघडा अडकू शकतो, आणि शेजारून पेट्रोलची नळी जात असते. बॅटरी सोडवा. इंजिनची पट्टी नवी टाकून पाचव्या पायरीचं माप ०.३ च्या आत येईपर्यंत सेल्फ मारू नका. आणि तापलेली केबल वरून बरी दिसली तरी बदलाच.

पुढच्या प्रसंगांत मात्र हात आवरा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. वायरिंगच्या जुडग्यातून धूर आला किंवा आवरण वितळलेलं दिसलं, तर आतल्या किती तारा चिकटल्यात ते बाहेरून कळत नाही. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर तो अर्थिंगचा दोष नाही, कुठेतरी प्लस धातूला टेकतोय. तिथे मोठा फ्यूज टाकणं म्हणजे आग लावणं. इंजिनवर इंजेक्शन आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) असेल तर त्याच्या मायनसच्या तारा तोडजोड करू नका, त्या सेन्सरसाठी मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात. सांगाड्यावरचा वेल्ड केलेला अर्थचा खुंट तुटला असेल तर तो वेल्डरकडून, बॅटरी, आल्टरनेटर आणि ईसीयू सोडवून, टाकीची काळजी घेऊनच बसवायचा. आणि दोन पूर्ण दिवस घालवून पाचव्या पायरीवर काहीच सापडलं नसेल, तरी थांबा. थकलेला माणूस चांगले जोड उसकतो.

गाडी अजून नोंदणीपूर्व आयव्हीए तपासणीला जायची असेल तर हे काम त्याआधीच उरका. पुढे एमओटीत, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीतही, एका दिव्याचा दुसऱ्यावर परिणाम होत असेल तर तो दोष म्हणून लिहिला जातो.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना तुमचे आकडे कागदावर लिहून न्या, आणि वायरिंग कुठल्या गाडीचं आहे, मायनस कुठे कुठे जोडलाय याचं हाताने काढलेलं चित्रही. तासाचे पैसे घेणारा माणूस पहिला तास हेच शोधण्यात घालवतो. कागदावर 'इंजिन ०.१५, उजवा मागचा दिवा ०.०८, डावा मागचा दिवा १.९' असं असेल, तर तो सरळ डाव्या मागच्या कोपऱ्यात टॉर्च घेऊन शिरेल.